अंबाड्यापर्यंतचा हात

खांदा आखडला तेव्हा मला वाटलं होतं, सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात जाऊन नुसतं पडायचं, मशीनचा शेक घ्यायचा आणि बरं होऊन यायचं. फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्याच दिवशी मला भिंतीपुढे उभं केलं. बोटांनी भिंत चढायची आणि हात अडेल तिथे पेन्सिलची खूण करायची. घरीही रोज तेच.

मी वैतागून विचारलं, "म्हणजे दुखणंही माझं आणि कष्टही माझेच?"

"हो काकू. दुसऱ्या कोणाचे चालत नाहीत."

चार महिने स्वयंपाकघरातली भिंत चढले. खूण आठवड्याला बोटभर वर सरकायची, कधी तेवढीही नाही. अगदी कंटाळून गेले होते. तोवर माझा अंबाडा आमचे हे घालायचे. चहा गार होईपर्यंत खटपट करायचे आणि दुपारच्या आत तो सुटायचा. मी रोज चिडायचे.

परवा हात मागे पोचला. खांदा ठणकत होता, पण अंबाडा माझा मी घातला. हे नेहमीसारखे कंगवा घेऊन आले आणि बघतच राहिले.

"वाकडा झालाय," म्हणाले.

मी पिना काढून त्यांच्या हातात दिल्या. तसाही हात भरून आला होता.