लालसूची अट

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नव्हतं. लोक मला भला माणूस म्हणतात तेव्हा मला चीड येते. त्यांची नाही. माझीच.

चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात मी मास्तर होतो. पहिल्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. दिवसा मुलांना शिकवायचो आणि संध्याकाळी विशीतल्या माडिया पोरांना — लिहायला, फूट-इंच मोजायला. कशासाठी? तर बांबू तोडण्यापलीकडे त्यांना काही धड काम मिळावं म्हणून. आणि त्यासाठी किती उंबरठे झिजवले मी! हा म्हणे पुढच्या महिन्यात या, तो म्हणे जंगलातल्या लोकांना मोजमाप कशाला हवं? वैताग आला होता मला, सगळ्या जगाचाच.

शेवटी एका कंपनीनं जवळच लाकडाचा डेपो उघडला. सागाचे लठ्ठे मोजायचे, त्यांवर हातोड्यानं शिक्का मारायचा. पक्की नोकरी, महिन्याचा पगार. मॅनेजर परमुलखातला, इंग्रजीशिवाय बोलत नसे. म्हणून दुभाषी मी. मॅट्रिकच्या इंग्रजीचा मला भारी अभिमान होता — हेही सांगून टाकतो.

चार पोरं घेऊन गेलो. त्यांत लालसू सर्वांत हुशार, आणि म्हणूनच सर्वांत त्रासाचा. काहीही सांगा, त्याचं 'काऊन?' — का म्हणून? — ठरलेलं. मॅनेजरनं विचारलं, नीट काम करशील ना? साधा प्रश्न. हो म्हणायचं, संपलं! पण लालसू माझ्याकडं वळून म्हणाला,

"गुरुजी, साहेबाले सांगा. लाकडं मोजीन, शिक्का मारीन. पण त्याच्या बंगल्यावर पाणी नाई भरणार, भांडे नाई घासणार. माह्या बापानं साहेब लोकायची खाट डोक्शावर वाहिली. मी नाई वाहणार."

काय चुकीचं होतं त्यात? काहीच नाही. वेठबिगार आता संपली, हे वर्गात मीच तर घसा फोडून सांगत होतो. पण त्या घडीला असा राग आला मला! एवढ्या खेपा घालून दार उघडलं, आणि हा दारातच अटी घालतो? मी मॅनेजरकडं वळलो आणि इंग्रजीत म्हणालो — तो म्हणतो, साहेबांचे उपकार आहेत, सांगाल ते काम करीन.

मॅनेजर हसला, मान डोलावली.

"मानलं त्यानं?" लालसूनं विचारलं.

मानलं, म्हणालो मी. चौघंही कामाला लागले.

पुढं मॅनेजरचं कुटुंब राहायला आलं आणि लालसूला बंगल्यावर पाणी भरायचं फर्मान सुटलं. तो गेला नाही. साहेबानं कबूल केलंय, एवढंच म्हणत राहिला. मॅनेजरनं मला बोलावून घेतलं. लालसू समोर उभा. या माणसानं माझ्यासमोर कधी अशी अट घातली होती का — मॅनेजरनं मला सरळ विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं की नाही? एक वाक्य! माझी नोकरी जाणार नव्हती, तो काही माझा साहेब नव्हता. फार तर मान खाली गेली असती.

मी म्हणालो, "नो, सर."

"काय म्हंते साहेब?" लालसू.

"म्हणतो, मी असलं काही कबूल केलंच नव्हतं."

झालं. दोघांनाही एकमेकांपुढं खोटं पाडलं, आणि मधे मी कोरडा. लालसूनं शिक्क्याचा हातोडा टेबलावर ठेवला — आपटला नाही, ठेवला — आणि निघाला. बाकीच्या तिघांनीही त्याच्यामागं काम सोडलं. या गावची पोरं लबाड आहेत, असं मॅनेजरनं जिकडंतिकडं सांगून ठेवलं. नंतर तिथल्या कुठल्याच डेपोनं त्यांना मजुरीपलीकडच्या कामाला उभं केलं नाही. लालसूचा जन्म बांबू तोडण्यात गेला.

बाकीच्या तिघांची नोकरी वाचावी म्हणून केलं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. कुठं वाचली? आणि खरं सांगू? त्या घडीला ते तिघं माझ्या डोक्यातही नव्हते. हा मास्तर कसली माणसं घेऊन आला, असं मॅनेजरला वाटू नये — एवढंच हवं होतं मला. एवढंच!

आणि लालसूला माझा कधी संशयही आला नाही. एकदा तरी यायचा! उलट, माझी बदली झाली तेव्हा गाव जमलं, आणि हाच उभा राहून बोलला. "ह्या गुरुजीनं साहेबाच्या तोंडावर आपली गोष्ट सांगतली. साहेबच पलटला, त्याले हा काय करीन?" लोकांनी माना हलवल्या. त्यांनी मला भोपळ्याच्या तुंब्यात भरून मध दिला. मी घेतला. बैलगाडीत बसलो.

मागच्या उन्हाळ्यात लालसू वारला, असं तिकडच्या एकानं सांगितलं. आणि आता मी बोलतो आहे — ऐकायला तो उरला नाही तेव्हा. तो असता तर बोललो नसतो.