पहिली ओंजळ

नळ सोडला की आजही सरकी आणि यंत्राच्या तेलाचा वास येतो. बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, जागेवर प्लॉट पडले, त्यातला एक आम्ही घेतला. बोअरला पाणी लागलं, नारळ फुटला. पहिली ओंजळ घरातल्या मोठ्या माणसानं प्यायची रीत, पण पाण्यावर तवंग होता. प्लॉटवाला म्हणाला, "दोन दिसांत साफ व्हईल." बोअरवाला म्हणाला, "पिऊ नका, जमिनीत लई तेल मुरलंय." त्याच जिनिंगमध्ये जन्मभर कापूस निवडलेल्या आईनं ओंजळ हुंगली. "आपल्या जिनिंगचाच वास हाय की," म्हणाली आणि प्यायलीसुद्धा. तिला अडवावं की तिच्या पाया पडावं, मला कळेना. आई आता नाही. पाणी तपासायला द्यायची बाटली मी केव्हाच भरून ठेवली आहे. ती देववत नाही, ओतून टाकवतही नाही.