एकही ओरखडा नाही

मी जपानात तोयोसूला आयटीत होतो तेव्हा बायको, लहान लेक आणि मी एदोगावात राहायचो. बिल्डिंगखाली एका जपानी आजोबांचं छोटं वर्कशॉप होतं. शिकारी लोक रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरण्याआधी एका साच्यातून दाबून काढतात. साचा ओरखडे पाडायला लागला की तो या आजोबांकडे यायचा. ते आधी सोबत आलेलं काडतूसच पुसायचे.

"स्स्स," दातांतून श्वास ओढून ते म्हणायचे, "साचा बिचारा निर्दोष असतो. कचरा बाहेरून येतो."

मग साचा आतून घासायचे आणि त्यातून काढलेल्या काडतुसावर नख फिरवून बघायचे. नख फिरवायची त्यांना खोडच होती. माझ्या सायकलची घंटा झाली, आमचा कुकर झाला. माझ्या टकलाकडेही ते कौतुकाने बघायचे.

दिवाळीच्या तोंडावर आईच्या पितळी सोऱ्याचा दट्ट्या अडकायला लागला, म्हणून बायकोने सोऱ्या त्यांना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तो चकाकत परत आला.

"स्स्स, चकतीच्या भोकाला कुणीतरी दाते पाडून ठेवले होते," आजोबा कमरेत वाकून म्हणाले. "तेही घासून गोल केलं."

चकलीचे काटे गेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं, त्यांचे आभार मानले आणि गुळगुळीत चकल्या तळल्या. आजोबांनी पहिल्या चकलीवर नख फिरवलं, "एकही ओरखडा नाही," म्हणाले आणि मग ती खाल्ली.

आता पुण्यात कुणी काटेरी चकली पुढे केली, की आमची लेक आधी तिच्यावर नख फिरवते आणि दातांतून श्वास ओढते.