टिकलीमागचा दिवा

"हलता मा? मग भ्या नाय."

घाटकोपरला रस्ता ओलांडताना कॅप्टन हे इतक्या मोठ्यानं म्हणायचे की शेजारची बाई दचकून स्वतःकडे बघायची. एक डोळा मिटायचा, अंगठा नाकासमोर धरायचा आणि येणारी रिक्षा अंगठ्याच्या बाजूला सरकते का ते बघायचं. सरकली की निघाले. मी त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बाजारात त्यांच्यासोबत जाताना मी दोन पावलं मागं राहायचो.

"हसतोस काय मेल्या? समोरचं विमान काचेत सरकत असलं तर ते बाजूनं जाणार. जे एका जागी थांबतं आणि नुसतं मोठं होत जातं, ते तुझ्यावरच येतंय. माणसाची नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते. मारणारी गोष्ट हलतच नाय."

हे ऐकल्यापासून, खरं सांगतो, स्थिर वस्तूंना मी जरा बिचकूनच असतो.

गिरणी कामगाराचा हा मुलगा विमानाचा कॅप्टन झाला होता, आणि निवृत्तीच्या बऱ्याच आधी घरी बसला होता. काहीतरी चौकशी झाली, एवढंच इमारतीला ठाऊक. पण सवयी सुटल्या नव्हत्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघे हमरीतुमरीवर आले, की हे उठून एकाला पहिल्या रांगेत बसवायचे, दुसऱ्याला शेवटच्या. "तू हजार फूट वर, हा हजार फूट खाली. आता बोला." लोक हसायचे आणि भांडण विरून जायचं. तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल, तर त्याला जपा.

त्यांच्या बायकोनं कधीतरी गॅलरीच्या काचेवर कपाळाची लाल टिकली चिकटवली होती. ती गेली, टिकली राहिली. कॅप्टननी तिच्यासमोर वेताची खुर्ची मांडली आणि खुर्चीच्या पायांभोवती लाद्यांवर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या, म्हणजे डोळा रोज त्याच जागी यावा. संध्याकाळी चहा घेऊन बसायचे. पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांचे दिवे ठरल्या अंतरानं एकामागून एक यायचे, टिकलीमागे क्षणभर थांबल्यासारखे व्हायचे आणि मग वर सरकत आमच्या डोक्यावरून जायचे. "हा हलला. हाही हलला." कोणी जप करावा तसं ते चालायचं.

एकदा तिथंच त्यांनी मला सगळं सांगितलं. अशीच संध्याकाळ होती. ते विमान चालवत होते आणि समोर, त्यांच्याच उंचीवर, एक पिवळट दिवा दिसला. विमानातल्या पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं. जमिनीवरचा कंट्रोलर म्हणाला, समोर कोणी नाही. पण दिवा काचेत जागचा हलेना, मोठा होत चालला. त्यांनी शेजारच्या कोपायलटला विचारलं, "तुला दिसतंय?" तो सरळ समोर बघत म्हणाला, "नाही, सर."

कॅप्टननी विमान खाली घेतलं. हजार फूट खाली खरंखुरं दुसरं विमान होतं. टक्कर टाळणारं यंत्र ओरडलं, तसं त्यांनी पुन्हा वर घेतलं, म्हणून दोन्हीकडची माणसं घरी पोचली. चौकशीत कोपायलटनं तेच उत्तर दिलं. कॅप्टनचं उडणं तिथं संपलं.

"नोकरी गेली त्याचं काय नाय रे," ते म्हणाले. "पण तिथं काही होतं, की माझ्याच डोक्यात होतं? एवढं कळलं असतं तर सुखानं मेलो असतो."

नंतर एका संध्याकाळी मी मेंटेनन्सची पावती द्यायला गेलो, तर चहा गार होऊन पडला होता. त्यांनी मनगट धरून मला खुर्चीत बसवलं.

"एक डोळा मिट. टिकलीच्या वरच्या कडेला. तुला दिसतंय?"

मी सरळ समोर बघत म्हणालो, "नाही, कॅप्टन. काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझा खांदा थोपटून म्हणाले, "बरं. जा घरी." आठवड्याभरात ते गेले. सकाळी कामवालीला खुर्चीतच सापडले.

त्यांची मुलगी परदेशी परतली, किल्ली माझ्याकडे राहिली. काही दिवसांनी चाळिशीतला एक माणूस आला. म्हणाला, "ते माझे कॅप्टन होते. मी शेजारच्या सीटवर असायचो." गॅलरी बघायची म्हणाला. टिकलीसमोर उभा राहिला आणि मागं न वळता बोलला, "मला दिसला होता. नवी नोकरी, नवं लग्न. यंत्र नाही म्हणत होतं, कंट्रोलर नाही म्हणत होता. मीही म्हणालो."

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला. हात उचलला नाही, कारण त्या संध्याकाळी मलाही दिसला होता. टिकलीच्या कडेला, पिवळट, जागचा न हलणारा. म्हातारा माणूस घाबरेल म्हणून नाही म्हणालो, असं मी स्वतःला सांगत होतो. घाबरलो होतो मी. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्या तोंडात होती.

मी हे त्याला सांगितलं. "केवढा होता?" त्यानं विचारलं.

"मोहरीएवढा."

दिवेलागण झाली होती. तो हळूच खुर्चीत बसला, एक डोळा मिटला, अंगठा नाकासमोर धरला. एक विमान टिकलीमागून सुटून डोक्यावरून गेलं. दुसरंही गेलं. त्याचा अंगठा तसाच होता.

"आता अंगठ्यामागे मावत नाही," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"दिसतंय, कॅप्टन," मी गेलेल्या म्हाताऱ्याला म्हणालो. "दिसतंय हो."