विसर्जनाच्या दिवशीचा सराव

अकोल्यात आमच्या घरासमोरच्या मैदानावर एक जण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतो. गळ्यात शिट्टी असते, पण बोलावतो तोंडात बोटं घालूनच. सराव रोज सकाळी, विसर्जनाच्या दिवशी मात्र ऐन मिरवणुकीच्या वेळी. यंदा एक पोरगा चिडला, "सर, आजच कावून?"

"डीजेपुढं रस्ता अडवून नाचतानी धरलं, तं चारित्र्य पडताळणीत अडकशीन. पळ!"

मला हा अतिरेक वाटायचा. शेवटी विचारलंच, "एवढ्याशा दंडानं नोकरी अडते होय?"

"माही अडली ना," तो पोरांवरची नजर न काढता म्हणाला. "वकीलबी नाई केला. कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, अन् सुटलो म्हून गल्लीत पेढे वाटले."