साडूभाऊंनी केलेली कॉम्प्युटरची वाटणी

आमच्या साडूभाऊंइतका सावध माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर जन्मला नसेल, आणि त्यांच्याइतके धक्के मला दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत. एस.टी. महाडच्या स्टँडात थांबून इंजिन बंद झालं तरी ते कंडक्टरला विचारणार, "थांबली ना नक्की?" दाराला कुलूप घातलं की त्याला लोंबकळून बघणार. वरंधच्या एका लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पोरगी तीच हाय ना?" नवरा बिचारा पुन्हा बघून आला. हे किस्से मी ऑफिसात रंगवून सांगायचो, त्यांना चक्रम म्हणायचो. बोलायचंच ठरवलंय, तर तेही सांगून टाकतो.

उमरठजवळच्या त्यांच्या घरी धाकट्या भावानं मुंबईहून कॉम्प्युटर आणून ठेवला होता. त्यात भावाची गाणी होती, शिमग्याचे फोटो होते, आणि त्यांचे वडील गुरांना हाळी घालत तो आवाज होता, ते जाण्याआधी माईकवर धरलेला. धाकट्यानं घराच्या वाटणीचं टुमणं लावलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. साडूभाऊंचा फोन आला, "कॉम्प्युटरची वाटणी करतोय. पंच म्हणून या."

मी हादरलोच. त्यांना मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची, सीडी फुकट मिळाली होती. एकाच यंत्रात धाकट्याचं विंडोज राहील, यांचं लिनक्स राहील, चालू करताना पडदाच विचारील कोणाकडे जायचं! तयारी तर बघा. सगळ्या फायलींच्या सीड्या काढल्या आणि त्या उघडतात का, हे महाडच्या सायबर कॅफेत जाऊन तपासलं. मध्येच वीज जायला नको म्हणून शेजाऱ्याचा इन्व्हर्टर उचलून आणला. नारळ फोडला तोही अंगणात, पाणी उडायला नको म्हणून.

आणि एवढं करून चूक केली ती आमच्याकडच्याच माणसानं करावी अशी. थोरल्याचा वाटा वरच्या अंगाला, ही इकडची रीत. पडद्यावर डिस्कच्या भागांची यादी आली, त्यातला सगळ्यात वरचा भाग त्यांनी सवयीनं स्वतःला घेतला. तो भाग धाकट्याचा होता, भरलेला. यंत्रानं विचारलं, हे सगळं पुसू का? साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पंचानं, म्हणजे मी, मान डोलावली.

"दादा, माझं कुठाय रे?" धाकटा ओरडला.

"तुझ्या जागेवर... मी बसलोय."

"आणि बाबा?"

लिनक्स पुरतं चढलं. मग साडूभाऊंनी फायलींची काढून ठेवलेली सीडी घातली. यंत्र घरघरलं, आणि वडिलांची हाळी घरभर घुमली. धाकट्यानं आवाज आणखी मोठा केला. "घाबरट हायस म्हणून वाचलो रे," म्हणाला.

पुढच्या खेपेला साडूभाऊंनी धाकट्याला वर ठेवलं, स्वतः खाली गेले आणि तिसरा एक भाग सामाईक ठेवला, विहिरीसारखा, दोघांनाही उघडता येईल असा. वडिलांचा आवाज त्यात ठेवला. मला वाटलं, मिटलं! घर वाचलं!

चहा घेताना साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "आता घराचं करू."

माझा कप बशीवर आपटला. "अहो, मग हे सगळं कशाला केलंत?"

"वाटताना कुठं चुकतं, ते बघून घेतलं. घराची सीडी नाय निघत, साडूभाऊ."

वाटणी झाली. वरचं अंग धाकट्याला, खालचं यांना, ओटी सामाईक. भांडण झालं नाही, हा मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का. फक्त घर एकदम शांत झालं.

अजून मी जातो. ओटीवर बसलं की दोन्ही स्वयंपाकघरांतून चहा येतो. कुणाला वाईट वाटू नये म्हणून साडूभाऊ दोन्ही कप पितात. पित्त वाढलंय त्यांचं. परवा त्यांना मदत म्हणून मी एक कप उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "हा घ्या, माझ्या घरचा. धाकट्याकडचा राहू द्या. तो मीच पितो."