कॅप्टनच्या केबिनमधला चहा

इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो, चिप्सच्या दुकानाच्या वर. बाबा क्रूझच्या बोटींवर स्टुअर्ड, प्रवाशांचं चहा-जेवण बघणारे. एक कॉन्ट्रॅक्ट संपलं की दुसरं मिळेपर्यंत घरी बसून. आई हॉस्पिटलात सफाईला. हीटर लागायचा तो माझा अभ्यास असेल तेव्हाच, आणि मग तेही दोघं जवळ सरकून बसायचे. कॉलेज दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. मी युनिव्हर्सिटीत इतिहास घेतला तेव्हा बाबांनी घरात एक पद्धत पाडली: आठवडाभर जे लिहीन ते रविवारी जेवताना मराठीत सांगायचं.

शेवटच्या वर्षी प्रबंधाला मी अमेरिकेच्या यादवीतला एक नौदल अधिकारी घेतला. गुलामगिरी टिकवायला दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, तेव्हा यानं अमेरिकेच्या नौदलातली जुनी नोकरी सोडली आणि त्यांच्या एका बोटीचा कॅप्टन झाला. उत्तरेचं एक व्यापारी जहाज भरसमुद्रात जाळलं आणि दुरुस्तीला आला तो थेट आमच्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात. बाहेर उत्तरेची युद्धनौका टपून बसलेली, तरी निसटला.

बाबा खूश. "खलाशी पक्का होता हां!" मग भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "पण त्याच्या केबिनमध्ये चहा कोण नेत होतं?"

"बाबा, हा युद्धाचा इतिहास आहे."

"मग काय तुझा कॅप्टन स्वतः कप विसळत होता?"

आई हसली. ते मात्र हसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या केबिनमध्ये ट्रे नेलेला माणूस; त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी शोधलं. अधिकाऱ्यानं घरून एक माणूस बरोबर आणला होता. विकत घेतलेला. जहाज जळत होतं तेव्हा तो तिथे होता, आमच्या बंदरातही होता. त्याचं नाव कुठेच नाही.

ट्यूटर भले होते, पण म्हणाले, "विषय अधिकाऱ्याची युद्धातली कारकीर्द आहे. नोकराचं प्रकरण घातलंस तर प्रबंध पसरेल, मार्क जातील." माझे आधीचे मार्क जेमतेम होते. हा प्रबंध पडला असता तर डिग्रीच अडकली असती.

त्या रविवारी मी हे घरी सांगितलं. आई घाबरली. "सर सांगतात तसं कर गं. डिग्री हातात येऊ दे, मग कुणाशी भांडायचं ते भांड."

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला नको विचारू. शिकलेली तू आहेस." आणि ताट उचलून सिंककडे गेले.

दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग बंदरातून निसटण्याचं प्रकरण, जे मला सगळ्यात आवडायचं, निम्मं कापलं. त्या जागी तो माणूस आणला. फार काही सापडलं नव्हतं. जिथे माहिती नाही तिथे माहिती नाही असंच लिहिलं. कारकिर्दीतली एकही लढाई गाळली नाही. फक्त त्या कशासाठी लढल्या गेल्या, त्याचं उत्तर त्या माणसाच्या रूपात त्याच बोटीवर उभं होतं, ते दाखवलं.

ट्यूटरांनी शेरा मारला: विषयाची चौकट सैल झाली आहे, पण मुद्दा टिकतो.

प्रबंध पास झाला. मी इतिहासाची पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.